ओफेलियाचं पाणी आणि शूबर्टची लय : एका कव्हरवरच्या वादाची पार्श्वभूमी

जॉर्जिया देशात जन्मलेली पियानोवादिका खातिया बुनियातिशविली हिची, ऑस्ट्रियन रचनाकार शूबर्टच्या रचनांची सीडी 2019 मध्ये आली. कोल्हापुरात पाश्चात्त्य संगीत मन लावून ऐकणारी मंडळी मोजकीच, पण त्यांच्यात या सीडीवरून जी तेढ पडली ती अजून मिटलेली नाही. कव्हरवर ही वादिका पांढऱ्या पोशाखात पाण्यावर उताणी आहे, डोळे मिटलेले. एका गटाला हा बाजार वाटतो. दुसरा गट म्हणतो, कव्हर बाजूला ठेवा आणि वादन ऐका. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. या सीडीत चित्र आणि लय वेगळी काढताच येत नाहीत, आणि ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

रेकॉर्डला चेहरा नव्हता तो काळ फार जुना नाही. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या खाकी कागदी पाकिटात यायच्या, मधल्या गोल भोकातून लेबल दिसायचं, बस्स. लांब रचनेच्या तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधीव वहीत घालून देत, म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. या सीडीत असलेला शूबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा, म्हणजे पियानोसाठीची चार भागांची रचना, 1939 मध्ये ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा चार-साडेचार मिनिटांनी बाजू उलटत तो ऐकावा लागे. वह्यांवर चित्रं छापायची कल्पना अमेरिकेत त्याच सुमारास निघाली आणि 1948 मध्ये एलपी, म्हणजे लांब वाजणारी तबकडी, आल्यावर ती सगळीकडे पसरली.

आपल्याकडे तर लेबलवरचं नाव हाच चेहरा होता. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजाननं गाणं संपताच स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं, कारण तबकडी जर्मनीत छापली जायची आणि तिथल्या माणसांना लेबलवर काय लिहायचं ते कळायला हवं होतं. बाईच्या नावापुढं काय लावायचं, मागं काय जोडायचं, ती पेशानं गाते की हौसेनं, हे सगळं त्या इवल्या लेबलवर ठरायचं. फोटो नसतानाही बाईकडे बघणं सुरूच होतं. आज कव्हरवर चिडणारे जुना काळ निर्मळ असल्यासारखं बोलतात, म्हणून हे सांगितलं.

मला नीट माहीत असलेला काळ एलपीचा. मुंबईहून किंवा परदेशातल्या नातेवाइकाकडून आलेली एखादी रेकॉर्ड गावात दहा घरं फिरायची. शूबर्ट असेल तर कव्हरवर बहुधा धुकं, डोंगर, पाठमोरा माणूस, एखादं जर्मन निसर्गचित्र. वादक मागच्या बाजूला, टपाल तिकिटाएवढा. मागचा इंग्रजी मजकूर कुणीतरी वाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. मी सोनाटा या शब्दाचा अर्थ तसाच शिकलो. बारा इंचांचं ते कव्हर मांडीवर घेऊन पूर्ण बाजू ऐकायची सवय ज्यांना लागली, त्यांना कव्हर हा ऐकण्याचाच भाग वाटतो. त्यामुळं ‘कव्हर बाजूला ठेवा’ हा सल्ला आमच्या पिढीला पटत नाही.

वादकाचा देह मध्यभागी येणं हेही नवं नाही. पियानो आडवा ठेवून श्रोत्यांना आपली एक बाजू दिसेल अशी बैठक एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक लिस्ट यानं रूढ केली. त्याच्या 1840 च्या लंडनमधल्या कार्यक्रमांपासून एकट्याच्या पियानोवादनाला रिसायटल म्हणू लागले. 1956 मध्ये बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सच्या कव्हरवर तरुण पियानोवादक ग्लेन गूल्डचे स्टुडिओतले तीस फोटो होते, केस विस्कटलेले. त्याला कुणी बाजार म्हटलं नाही. 1996 मध्ये एका कॅनेडियन व्हायोलिनवादिकेनं बाखच्या सीडीवर उघड्या छातीशी व्हायोलिन धरलं, आणि ऑगस्ट 2011 मध्ये हॉलिवूड बोलमध्ये राखमानिनॉफचा तिसरा कन्चेर्टो (वाद्यवृंदासोबतची पियानोरचना) वाजवणाऱ्या वादिकेच्या आखूड नारिंगी पोशाखावर वर्तमानपत्री समीक्षा गाजली. तेव्हापासून जगभर पियानोवादिकांचं ऐकण्याआधी बघणं जास्त झालं.

आता हे कव्हर. त्याचं मूळ इंग्रज चित्रकार मिलेच्या चित्रात आहे, 1851-52 मध्ये रंगवलेली ओफेलिया, शेक्सपियरच्या हॅम्लेटमधली बुडणारी मुलगी. त्यासाठी एलिझाबेथ सिडल लंडनमध्ये पाण्यानं भरलेल्या टबात तासन् तास पडून राहिली. पाणी कोमट ठेवणारे खालचे दिवे विझले आणि ती आजारी पडली. सिडल स्वतः चित्रं काढायची, कविता लिहायची, पण जगाला ती लक्षात राहिली पाण्यात पडलेली मॉडेल म्हणूनच. कोल्हापूर हे पोस्टरं रंगवणाऱ्यांचं, सिनेमात बायकांनी बायकांचीच कामं करावीत हे 1920 मध्ये ‘सैरंध्री’त करून दाखवणाऱ्यांचं गाव. इथं तरी चित्र वाचताना एवढा तपशील सुटू नये. 2019 मध्ये त्या टबात उतरणारी बाई स्वतःच कलावंत आहे. सोबतच्या टिपणात ती स्वतःला स्त्रीवादी म्हणवते आणि शूबर्टच्या संगीतातल्या स्त्रीत्वाबद्दल लिहिते. चित्र पटो न पटो, ती तिथं कुणाच्या सांगण्यावरून पडलेली नाही.

पण आमच्याकडचं खरं भांडण एका शब्दावर अडलं आहे : विलंबित, म्हणजे ख्यालातली संथ लय.

सोनाट्याचा दुसरा भाग, अंदान्ते सोस्तेनुतो, ती अतिशय संथ वाजवते. एका बुजुर्ग श्रोत्यानं कौतुकानं म्हटलं, ‘हा तर विलंबित ख्याल झाला.’ लगेच एका हार्मोनियमवाल्यानं हरकत घेतली, आणि अशा हरकतीला या गावात वजन आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं आले आणि जयपूर गायकी या मातीत रुजली. या गायकीचा विलंबित म्हणजे खरं तर मध्य लयीकडे झुकलेला तीनताल. दोन मात्रांमधलं अंतर कधी इतकं वाढत नाही की ठेका हातातून सुटावा. अतिविलंबित ही किराणा घराण्याच्या एका फांदीची आणि पुढं इंदूर घराण्याची वाट, झुमरा तालात एकेक मात्रा ताणत नेणारी. कोल्हापूरच्या कानाला ती परकीच. म्हणजे ‘विलंबित’ म्हणून कौतुक करणारा आणि ‘हे विलंबित नव्हे’ म्हणणारा, दोघंही आपापल्या घराण्यातून शूबर्ट ऐकत होते.

मला हरकत योग्य वाटते, पण तिचं कारण निराळं आहे. आपल्या विलंबितात दोन मात्रांमधली जागा रिकामी नसते. तबला ती भरतो, तानपुरा खाली अखंड असतो, गळा सूर धरून ठेवतो. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडल्या क्षणापासून विरायला लागतो. लय जितकी उतरवाल तितका प्रत्येक सूर पुढचा सूर येण्याआधी मरतो. शूबर्टनं या भागात डाव्या हाताला एकच आकृती दिली आहे. तो हात उजव्यावरून उड्या मारत वरच्या-खालच्या सप्तकांत ती प्रत्येक मापात पुन्हा वाजवतो, जवळजवळ ठेक्यासारखी. नेहमीच्या गतीत ती पावलांसारखी वाटते, अंदान्तेचा अर्थही चालणं असाच आहे. या वादिकेच्या हाती ते चालणं थांबतं आणि उरतं तरंगणं. एक सूर, त्याचं विरणं, मग दुसरा. पाण्यावर पडलेल्या माणसाला जसे आवाज ऐकू यावेत तसे. कव्हर आणि लय यांचा निर्णय एकच आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

हा निर्णय शूबर्टला धरून आहे का, यावर मात्र भांडायला हवं. लय आकड्यात मोजणाऱ्या मेल्त्सेलच्या मेट्रोनोम यंत्राचं पेटंट 1815 चं, पण या सोनाट्यावर शूबर्टनं आकडा लिहिलेला नाही, फक्त शब्द. सप्टेंबर 1828 मध्ये त्यानं तो पुरा केला आणि 19 नोव्हेंबरला तो वारला, वय 31. पुढं घडलेलं मरण आपण मागं नेऊन प्रत्येक सुरात ऐकतो, आणि हे कव्हर त्या सवयीला खतपाणी घालतं. सोनाट्याचा शेवटचा भाग तर खेळकर आहे. मला तिचा दुसरा भाग सुंदर वाटतो आणि तरीही चुकलेला वाटतो, कारण पावलं हरवली की मधल्या ए मेजरच्या गाण्याला मिळणारा दिलासा फिका पडतो.

पहिल्या भागातला सुरुवातीचा मोठा तुकडा पुन्हा वाजवायचा की नाही, हा पुनरावृत्तीचा वाद याहून जुना. ती घेतली तरच जे नऊ बार (मापं) ऐकू येतात, त्यांत खर्जातला कंप एकदाच पूर्ण जोरात गर्जतो. पियानोवादकांपैकी रिख्टर ती घेत असे, ब्रेंडेलनं ती गाळण्याची बाजू लिहून मांडली. आमच्याकडे यावर कधीच आवाज चढला नाही.

सीडीबरोबर कव्हर बारा सेंटिमीटरवर आलं, आता मोबाइलवर ते नखाएवढं दिसतं. तिथं ओफेलिया ओळखूच येत नाही, दिसते ती एक झोपलेली बाई. टिपण तर तिथं सहसा नसतंच. गेल्या एक-दोन वर्षांत या वादात उतरलेल्या तरुण श्रोत्यांनी ते वाचलेलं नाही, म्हणून एका बैठकीत सीडीची पुस्तिका हातोहात फिरवली गेली आणि मग दुसरा भाग दोन वादकांचा, पाठोपाठ, दिवे न मालवता ऐकवला. हार्मोनियमवाले मांडीवर मात्रा मोजत होते. तिच्या वेळी त्यांचा हात तिसऱ्या मिनिटाला थांबला.