अरुंडेल: लेकींच्या वाटेनं आलेला किल्ला

मे २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. त्याची सारी व्यवस्था ज्यांच्या हाती होती, ते नॉरफोकचे अठरावे ड्यूक. त्यांचं घराणं हॉवर्ड आणि वडिलोपार्जित ठाणं ससेक्समधला अरुंडेलचा किल्ला. ११३८ पासून तो वारशानंच चालत आला, असं अभिमानानं सांगितलं जातं. मधल्या जप्त्या सोडल्या तर ते खरंही आहे. फक्त या काळात मालकांचं घराणं दोनदा बदललं, आणि दोन्ही वेळा लेकीमुळे.

नॉर्मन सरदार रॉजर द माँटगोमरीनं १०६७ च्या सुमारास इथं मातीचं टेकाड रचून गढी बांधली. त्याच्या मुलानं बंड केलं आणि ११०२ मध्ये पहिल्या हेन्रीनं ती काढून घेतली. पुढे ती हेन्रीच्या विधवा राणीकडे, अडेलिझाकडे आली. तिनं ११३८ मध्ये विल्यम द'ओबिन्येशी लग्न केलं. म्हणजे वारशाची सुरुवातच एका बाईपासून. १२४३ मध्ये त्या घराण्यातला ह्यू निपुत्रिक गेला. त्याच्या इस्टेटीच्या वाटण्या चार बहिणींच्या नावे झाल्या आणि किल्ला इझाबेलच्या मुलाला, जॉन फिट्झॲलनला मिळाला.

फिट्झॲलन सव्वातीनशे वर्षं टिकले, पण सुखानं नाही. १३२६ आणि १३९७ मध्ये त्यांच्यातल्या दोन अर्लांची (अर्ल हा सरदारकीचा किताब) मुंडकी उडवली गेली. शेवटच्या अर्लचा एकुलता मुलगा १५५६ मध्ये वारला. धाकटी मुलगी मेरी हॉवर्डांच्या घरात दिलेली. १५५७ मध्ये फिलिपला जन्म देऊन दोनच महिन्यांत तीही गेली. १५८० मध्ये आजोबांमागे किल्ला या नातवाकडे आला. फिलिप कॅथलिक झाला, प्रॉटेस्टंट राणी पहिल्या एलिझाबेथच्या कैदेत दहा वर्षं राहिला आणि १५९५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगातच मेला. जप्त झालेलं पुढे त्याच्या मुलाला परत मिळालं. १९७० मध्ये पोपनी फिलिपला संत घोषित केलं.

आतापर्यंत लेकींनी तारलेल्या या वारशाची चाल फिलिपच्या मुलानंच बदलली. १६२७ मध्ये त्यानं संसदेकडून कायदा करून घेतला: किल्ला आणि अर्लपद एकत्र बांधले गेले आणि पहिला मान पुरुष वारसांना मिळाला. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात तोफांनी फोडलेला किल्ला पंधराव्या ड्यूकनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ नव्यानं उभारला. आज पर्यटक पाहतात ते बरंचसं 'मध्ययुगीन' काम त्याचंच.

१९७५ मध्ये सोळावे ड्यूक बर्नार्ड वारले. त्यांनाही मुली चारच, ह्यूच्या बहिणींइतक्या. या वेळी मात्र ड्यूकपद गेलं दूरच्या चुलतभावाकडे, माइल्स यांच्याकडे. आडनाव मात्र तेच राहिलं: फिट्झॲलन-हॉवर्ड.