नागवाणी व नागलिपी

पाताळात, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या कल्पित नागलोकांची भाषा व लेखन. महाभारताच्या आदिपर्वात समुद्राला नागांचे निवासस्थान म्हटले असून भोगवती ही त्यांची नगरी मानली जाते. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथातील चौसष्ट लिपींच्या यादीत नागलिपी येते, सागरलिपीही येते. त्यांच्या अक्षरांचे वळण मात्र ग्रंथात दिलेले नाही.

चिन्हांच्या बाबतीत पिंगळनागाची कथा फार मोलाची आहे. छंदःशास्त्राचा कर्ता पिंगळ परंपरेने नाग मानला आहे. गरुडाने त्याला पकडले, तेव्हा ‘मरण्याआधी माझी विद्या तुला देतो’ असे सांगून तो जमिनीवर लघु म्हणजे ऱ्हस्व (।) आणि गुरू म्हणजे दीर्घ (ऽ) अक्षरांचा प्रस्तार, म्हणजे त्यांच्या सर्व शक्य मांडण्यांची यादी, मांडू लागला. पहिली ओळ सगळी गुरूंची : ऽऽऽ. पुढच्या प्रत्येक ओळीत, वरच्या ओळीतल्या डावीकडून पहिल्या गुरूखाली लघु लिहायचा, उजवीकडचे जसेच्या तसे उतरवायचे आणि डावीकडे जागा उरल्यास गुरू भरायचे. म्हणजे ।ऽऽ, मग ऽ।ऽ, मग ।।ऽ. तीन अक्षरांना अशा 8 ओळी होतात, बारा अक्षरांना 4,096. ओळी वाढत गेल्या, पिंगळ सरकत समुद्रापर्यंत पोहोचला आणि भुजंगप्रयात वृत्त सांगून पाण्यात शिरला. ।ऽऽ चार वेळा, हीच त्या वृत्ताची चाल. ‘मनाचे श्लोक’ म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाच्या तोंडी ती असते.

भाषेविषयी एक ठळक उल्लेख सतराव्या शतकातला. मिर्झा खान याने ‘तुहफतुल हिंद’ या फारसी ग्रंथात प्राकृत भाषेला पाताळबानी आणि नागबानी अशी नावे दिली आहेत. नागपूर परिसराशी हा धागा विलक्षण जुळतो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावरचे ‘सेतुबंध’ हे समुद्र ओलांडण्याचे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्याची राजधानी काही काळ नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन येथे होती. त्याची आई प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटात तिची आई कुबेरनागा नागकुळातली असल्याचे नोंदले आहे.

रामटेकजवळच्या एका टेकडीशी बौद्ध तत्त्वज्ञ आचार्य नागार्जुनाचे नाव जोडले जाते. समुद्रतळीच्या नागप्रासादातून त्याला महायान सूत्रे मिळाली, अशी बौद्ध कथा आहे. नागांनी ग्रंथ लिहिले नसले, तरी पेट्यांत जपून ठेवले, असे ती मानते.

नागपुरात ‘नाग’ शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो या कल्पित लोकांशी मिसळू नये. 15 ऑक्टोबर 1956 रोजी येथे केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक आणि शहरातून वाहणारी नाग नदी यांचा संबंध सांगितला. ते नाग पाताळातले नव्हते. याच भूमीवर राहणारी माणसे होती.