४०० जीबी रिकामे, तरी ९ जीबीची फाइल का जात नाही?

गेल्या रविवारी भाचा घरी आला, हातात पोर्टेबल हार्डडिस्क आणि चेहरा पडलेला. त्यांच्या ढोलताशा पथकाचा नदीपात्रात सराव चालू आहे, त्याचं शूटिंग ह्याने स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर एडिट केलं, ९ जीबीची एकच फाइल झाली आणि ती कोथरूडच्या मित्राला द्यायची होती, मित्राकडे मॅक. "मामा, डिस्क गेली वाटतं. ४०० जीबी रिकामे दाखवतीये आणि वर म्हणतीये फाइल फार मोठी आहे." दुकानात दाखवली तर तिथे सांगितलं व्हायरस आहे, नवीनच घ्या.

डिस्क ठणठणीत होती. व्हायरस वगैरे काही नव्हता. हे इतक्या लोकांच्या बाबतीत होतं आणि इतके लोक चांगल्या डिस्क उगाच बदलतात की म्हटलं एकदा नीट लिहावंच.

डिस्कवर नुसता डेटा नसतो, कुठला डेटा कुठे ठेवलाय त्याची नोंदवही पण तिथेच असते, तिलाच फाइल सिस्टिम म्हणतात. ही वही लिहायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. विंडोजची एनटीएफएस, १९९३ पासूनची. मॅकची २०१७ पासून एपीएफएस, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ईएक्सटी४. मॅकला एनटीएफएस वाचता येतं पण लिहिता येत नाही, म्हणून विंडोजवाल्याची डिस्क मॅकला लावली की फाइली दिसतात पण पेस्ट होत नाही. विंडोजला तर एपीएफएस किंवा ईएक्सटी४ समजतच नाही आणि मग तो सरळ विचारतो, डिस्क फॉरमॅट करायची का? तिथे घाईत हो म्हणू नका!! डेटा आत व्यवस्थित असतो, विंडोजला फक्त ती वही वाचता येत नाहीये.

भाच्याची डिस्क मात्र फॅट३२ होती, टीव्हीवर चालावी म्हणून कोणीतरी तशी करून दिलेली. फॅट३२ १९९६ मधली, आणि विंडोज, मॅक, लिनक्स, टीव्ही, गाडीतला स्टिरिओ सगळ्यांना वाचता येते. आता मला सगळ्यात आवडणारा भाग, थोडा किचकट आहे पण सोडू नका.

पेपरात पहिल्या पानावर बातमी अर्धी छापतात आणि खाली लिहितात 'पान ७ वर', तसंच इथे. डिस्कचे छोटे छोटे कप्पे केलेले असतात, त्यांना क्लस्टर म्हणतात, आणि सुरुवातीला एक मोठा तक्ता असतो ज्यात प्रत्येक कप्प्यासमोर पुढच्या कप्प्याचा नंबर लिहिलेला असतो. फाइल ५ नंबरला सुरू झाली, ५ समोर ६, ६ समोर ९, ९ समोर 'संपलं' अशी खूण. या तक्त्यालाच फाइल अ‍ॅलोकेशन टेबल म्हणतात, फॅट हे नाव त्यावरूनच आलं. आणि प्रत्येक फाइलसाठी फोल्डरमध्ये बरोबर ३२ बाइटची एक नोंद असते. पहिल्या ११ बाइटमध्ये नाव, मग तारखा वगैरे, आणि शेवटच्या ४ बाइटमध्ये फाइलचा आकार. ४ बाइट म्हणजे ३२ बिट, त्यात बसणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. बास, हीच ती ४ जीबीची मर्यादा! डिस्कवर कितीही जागा असू दे, ९ जीबी हा आकडा त्या रकान्यात मावतच नाही, म्हणून फाइल जात नाही. याच नोंदीत पहिल्या कप्प्याचा नंबर दोन तुकड्यांत लिहिलाय, अर्धा २० व्या बाइटपासून, अर्धा २६ व्या, कारण जुन्या फॅट१६ मध्ये त्याला दोनच बाइट होते आणि वाढीव दोन मधल्या रिकाम्या जागेत घुसवले. मला हे बघायला फार आवडतं, एखाद्या जुन्या वाड्याला नंतर काढलेली खोली असते ना तसं. आणि फाइल डिलीट केली की नावाच्या पहिल्या बाइटवर ई५ ही खूण पडते, तक्त्यातले नंबर पुसले जातात, पण कप्प्यातला डेटा तसाच राहतो, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच जोरावर चालतं.

त्यावरून आठवलं, डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की डेटा परत येतो असं अजूनही लोक सांगतात. कृपा करून ठेवू नका. फिरत्या डिस्कमध्ये डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, थंडगार डिस्क बाहेर काढली की आत ओल धरू शकते आणि मग जे वाचलं असतं तेही जातं.

तर उपाय एक्सफॅट. २००६ ची ही पद्धत, आकाराला ६४ बिटचा रकाना, त्यामुळे ४ जीबीची अडचण संपली. फाइल सलग कप्प्यांत असेल तर तक्ता बघायची गरजच नाही, तशी खूण नोंदीत असते. मॅकला २०१० पासून चालते, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा आराखडा खुला केल्यावर लिनक्सच्या ५.४ आवृत्तीपासून थेट कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आली.

एक धोका मात्र आहे. एनटीएफएस किंवा एपीएफएसमध्ये काम अर्धवट तुटलं तर वही सावरायची सोय असते, एक्सफॅटमध्ये ती नाही, आणि फॅट३२ मध्ये तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात तर इथे सहसा एकच. म्हणून इजेक्ट केल्याशिवाय केबल ओढायची नाही, फाइल कॉपी झालेली दिसली तरी नाही, कारण शेवटच्या नोंदी अजून कॉम्प्युटरच्या मेमरीतच असू शकतात, डिस्कवर उतरलेल्या नसतात.

भाच्याच्या डिस्कवरचं सगळं आधी माझ्या पीसीवर घेतलं, मग फॉरमॅटमध्ये एक्सफॅट निवडून दोन मिनिटांत काम झालं. मॅकवर करणार असाल तर डिस्क युटिलिटीत आधी 'शो ऑल डिव्हायसेस' करा आणि स्कीम (म्हणजे डिस्कचे भाग कसे पाडलेत ते लिहायची पद्धत) जीयूआयडी घ्या, २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला तर तीच लागते. संध्याकाळी मित्राकडून फोन, व्हिडिओ चालला. डिस्क परत विंडोजला लावली तर ठिपका आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या फाइली दिसल्या आणि भाचा परत घाबरला, ह्या वेळी तरी व्हायरसच असणार म्हणून. त्या मॅकने स्वतःच्या जादा माहितीसाठी केलेल्या असतात, उडवल्या तरी व्हिडिओला काही होत नाही.