कॉन्फेडरेट ध्वज: १८६१ चा की १९६१ चा?

लाल कापड, त्यावर निळी तिरकी फुली आणि फुलीत तेरा पांढऱ्या चांदण्या. अमेरिकेच्या दक्षिणेत हा ध्वज आजही घरांवर आणि ट्रकच्या मागे दिसतो. लावणारे म्हणतात, हा आमच्या पूर्वजांचा वारसा. शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला त्यात गुलामगिरी दिसते.

खरं तर अमेरिकेतून फुटून कॉन्फेडरेट संघ स्थापन करणाऱ्या दक्षिणी राज्यांचा पहिला राष्ट्रध्वज वेगळाच होता, आणि तो अमेरिकेच्या ध्वजाशी फार मिळताजुळता होता. जुलै १८६१ मध्ये यादवी युद्धात, व्हर्जिनियातल्या मनॅसासच्या रणधुमाळीत आपले कोण, शत्रूचे कोण हे ओळखेना, तेव्हा सैन्यासाठी फुलीचं हे निशाण निघालं. लढाई कशासाठी होती यावर पुढे बरंच पांघरूण घातलं गेलं. पण दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथल्या भाषणात स्वच्छ सांगितलं होतं की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि याच तत्त्वावर नव्या सरकारचा पाया घातला आहे.

पराभवानंतर हे निशाण मुख्यतः माजी सैनिकांचे मेळावे आणि स्मारकं यांपुरतं उरलं. ते राजकारणात जोरात परतलं १९४८ मध्ये. नागरी हक्कांना विरोध म्हणून डेमोक्रॅटिक पक्षातून फुटलेल्या गटाने स्ट्रॉम थरमंड यांना अध्यक्षपदासाठी उभं केलं, तेव्हा त्यांच्या सभांत ते झळकलं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. दोनच वर्षांत जॉर्जियाने ही फुली आपल्या राज्यध्वजात घातली. साउथ कॅरोलायनाने १९६१ मध्ये, यादवी युद्धाच्या शताब्दीचं निमित्त करून, कोलंबियातल्या विधानभवनावर ध्वज चढवला. शताब्दी सरली तरी तो उतरला नाही. मला तरी वारशाच्या दाव्यापेक्षा या तारखा जास्त बोलक्या वाटतात.

कृष्णवर्णीयांची जुनी संघटना एनएएसीपी हिने राज्यावर बहिष्कार पुकारल्यावर २००० मध्ये तडजोड झाली: ध्वज घुमटावरून काढून समोरच्या सैनिक स्मारकापाशी लावायचा. म्हणजे उंचावरचा ध्वज रस्त्यावरून आणखी ठळक दिसू लागला!

१७ जून २०१५ ला याच राज्यातल्या चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. याच ध्वजासोबतची त्याची छायाचित्रं बाहेर आली. विधानभवनावरचे बाकीचे ध्वज अर्ध्यावर उतरले, स्मारकापाशी असलेला हा मात्र पूर्ण उंचीवर राहिला. दहा दिवसांनी ब्री न्यूसम ही तरुणी खांबावर चढली, ध्वज काढला आणि अटक करून घेतली. अखेर ९ जुलैला गव्हर्नर निक्की हेली (पंजाबी शीख स्थलांतरितांची मुलगी) यांनी कायद्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी ध्वज उतरला.

योगायोग असा की हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लागला. गाड्यांच्या नंबरप्लेटवर हा ध्वज छापायला टेक्सासने नकार दिला होता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने तो मान्य केला: प्लेटवरचा मजकूर हे सरकारचं बोलणं, आणि काय बोलायचं ते सरकार ठरवू शकतं. हे पाचवं मत क्लॅरेन्स थॉमस यांचं, त्या वेळचे एकमेव कृष्णवर्णीय आणि एरवी कट्टर पुराणमतवादी न्यायमूर्ती.

खासगी माणसाचं बोलणं मात्र भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीच्या संरक्षणात आहे. राज्य आपला ध्वज बदलू शकतं, मिसिसिपीने २०२० मध्ये राज्यध्वजातून ही फुली काढलीही. पण दक्षिणेत महामार्गांलगतच्या खासगी जमिनींवर उभारलेले प्रचंड ध्वज काढायला सरकार सांगू शकत नाही.