क्वेव्री वाइन

क्वेव्री वाइन : तोंडापर्यंत जमिनीत पुरलेल्या आणि आतून मेण लावलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात द्राक्षाचा रस साली, बिया आणि काही ठिकाणी देठांसकट आंबवून, त्याच रांजणात मुरवून केलेली वाइन. काळ्या समुद्राच्या पूर्वेचा जॉर्जिया हा देश तिचे माहेर. रांजणाचे जॉर्जियन नाव क्वेव्री. देशाच्या पश्चिमेकडील इमेरेती प्रांतात त्यालाच चुरी म्हणतात. विकतचे यीस्ट न घालता, रसात काही न मिसळता आणि शेवटी न गाळता वाइन करण्याचा जो प्रवाह ‘नैसर्गिक वाइन’ या नावाने ओळखला जातो, त्यात क्वेव्रीला मानाचे स्थान आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

मुंबईत या वाइनचा विषय निघाला की बोलणे भांड्यावर येऊन थांबते. रांजण, माठ, डेरा घराघरांत होते, त्यामुळे हे आपल्याला जमण्यासारखे आहे असे वाटते. पण क्वेव्रीची निम्मी गोष्ट मातीत आहे आणि निम्मी वेलीत. मातीची बाजू सोपी आहे.

रांजण

क्वेव्रीचा आकार अंड्यासारखा, बूड निमुळते, तोंड अरुंद. जमिनीवर ती उभी राहूच शकत नाही. लहान क्वेव्रीत वीस-पंचवीस लिटर रस मावतो, तर मोठीत कित्येक हजार. ती चाकावर घडवत नाहीत. कुंभार मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत जातो. खालचा थर पुरेसा आवळला नाही तर वरच्या भाराने भिंत बसते, म्हणून एका दिवसात थोडीच उंची घेतात. मोठ्या क्वेव्रीला त्यामुळे महिने लागतात. मग मोठ्या भट्टीत सुमारे आठवडाभर भाजणे. भाजून झालेली क्वेव्री कोमट असतानाच आतून मधमाशांचे मेण चोळतात. मेणाने सगळी छिद्रे बुजत नाहीत, तशी ती बुजवायचीही नसतात. रस पाझरू नये, भांडे नीट धुता यावे, पण हवेची किंचित ये-जा राहावी, एवढेच मेणाचे काम. बाहेरून चुन्याचा लेप देण्याची रीत आहे. हे काम करणारी घराणी आता थोड्या गावांत उरली आहेत. पूर्वेकडील काखेती प्रांतातले वार्दिसुबानी आणि इमेरेतीतले श्रोशा ही त्यांतली नावाजलेली.

ज्या खोलीत क्वेव्री पुरलेल्या असतात तिला मारानी म्हणतात. आत गेल्यावर दिसतात फक्त जमिनीतली गोल तोंडे. भांडे पुरण्याचे कारण तापमान. जमिनीखाली काही हात गेले की ऋतूंचा चढउतार जवळजवळ थांबतो. जॉर्जियात तिथे वर्षभर साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस राहते. आंबताना रस तापतो आणि भोवतालची माती ती उष्णता ओढून घेते.

सर्वांत कष्टाचे काम धुण्याचे. चेरीच्या सालीच्या पातळ चकत्या एकत्र बांधून लांब दांड्याला लावतात आणि त्या कुंच्याने आतली भिंत घासतात. मोठ्या क्वेव्रीत माणूसच उतरतो. नैसर्गिक वाइन म्हणजे काहीही न करता होणारी वाइन, असा एक गोड गैरसमज आहे. खरे तर रसायनांचा आधार सोडला की सगळी भिस्त स्वच्छतेवर येते. नीट न धुतलेल्या क्वेव्रीत शिर्का तयार होतो, आणि तो कितीही नैसर्गिक असला तरी शिर्काच.

कृती

काढणीचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर. त्याला र्त्वेली म्हणतात. द्राक्षे कोरलेल्या लाकडी डोणीत पायांनी तुडवतात. काखेतीत रस, साली, बिया आणि पिकलेले देठ असे सगळेच क्वेव्रीत ओततात. इमेरेतीत चोथा बराच कमी घालतात, म्हणून तिथली वाइन हलकी असते. या चोथ्याला चाचा म्हणतात, आणि नंतर त्यापासून गाळलेल्या कडक दारूचेही नाव चाचाच.

द्राक्षाच्या सालीवर आणि मारानीतच वस्तीला असलेले यीस्ट एक-दोन दिवसांत कामाला लागते. कार्बन डायऑक्साइडमुळे साली वर येऊन जाड थर धरतात. तो सुकला की आंबट होतो, म्हणून लांब काठीने दिवसातून अनेकदा खाली ढकलावा लागतो, रात्रीही. दोन-चार आठवड्यांनी उकळी ओसरते आणि चोथा आपोआप बुडतो. मग क्वेव्री काठोकाठ भरून तोंडावर दगडी झाकण ठेवतात आणि कडा ओल्या मातीने लिंपतात. ती उघडते वसंतात.

या पाच-सहा महिन्यांत निमुळत्या बुडाचे महत्त्व कळते. बिया जड, म्हणून त्या आधी तळाच्या टोकात जमतात आणि मागून येणारा गाळ त्यांच्यावर बसतो. बियांतला कडवटपणा असा गाळाखाली दाबला जातो आणि वर वाइन निवळते. गाळणयंत्राचे काम इथे आकार करतो.

पांढऱ्या द्राक्षांची वाइन एरवी साली लगेच काढून टाकून करतात, म्हणून ती फिकट असते. क्वेव्रीत साली महिनोन्‌महिने रसात राहतात. त्यामुळे पांढऱ्या द्राक्षाची वाइनही गडद, मधाळ रंगाची आणि कोऱ्या चहासारखी तुरट होते. जॉर्जियन लोक तिला अंबर रंगाची म्हणतात. बाजारात मात्र ‘ऑरेंज वाइन’ हे २००४ च्या सुमाराचे ब्रिटिश व्यापाऱ्याने दिलेले नाव रूढ झाले आणि घोटाळा झाला. नागपूरशी किंवा संत्र्याशी तिचा काहीएक संबंध नाही. ती फार थंड करू नये, तुरटपणा बोचतो. मालवणी तिखटासमोर ती हरते. तिखट आणि टॅनिन (साली-बियांतले तुरट द्रव्य) एकमेकांना डिवचतात. जॉर्जियन स्वयंपाकात अक्रोडाचे वाटण भरपूर, आणि तेच तिचे जोडीदार. आपल्याकडे तिला ओल्या नारळातले वालाचे बिरडे मानवेल असे वाटते.

वेल

जॉर्जियात द्राक्षाच्या ५०० हून अधिक देशी जाती नोंदल्या आहेत. एवढ्या लहान देशात एवढी विविधता असण्यामागे कारण आहे: द्राक्षवेल माणसाळवली गेली त्या प्रदेशांत दक्षिण कॉकेशसची गणना होते. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा या टेकड्यांवर सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांत द्राक्षवाइनचे अंश ओळखले गेले आणि २०१७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. काळ इ. स. पू. ६००० ते ५८००. अर्थात ती भांडी सपाट बुडाची होती. ‘आठ हजार वर्षे जुनी क्वेव्री’ हे जाहिरातीतले वाक्य तेवढे सांभाळून घ्यावे.

जातींची नावेच बोलकी आहेत. र्कात्सितेली म्हणजे लाल काडीची. द्राक्ष मात्र पांढरे. साफेरावी म्हणजे रंग देणारी. हिचा गरही लाल असतो, जे द्राक्षात विरळा. पश्चिमेकडील ओजालेशी म्हणजे झाडावर वाढणारी, कारण तिथे वेल मांडवावर न घेता उंच झाडांवर चढवत. किसी, म्त्स्वाने, खिख्वी, चिनुरी, त्सोलिकोउरी या आणखी काही. यांतल्या अनेक पांढऱ्या जाती साधारण पद्धतीने केल्या तर बेताच्याच वाइन देतात. साली-बियांसकट मुरल्या की त्यांना अंग येते. पिढ्यान्‌पिढ्या याच रांजणात घालून चाखून जे वेल ठेवले गेले, ते अर्थातच या रांजणाला मानवणारे ठरले. देठ रसात घालायचे तर ते पिकून तपकिरी व्हायला हवेत, हिरवे देठ वाइन बिघडवतात. काखेतीचा लांब, कोरडा शरद ऋतू ते पिकवतो.

सोव्हिएत काळात ही वीण उसवली. सरकारी कारखान्यांना टनावारी माल हवा होता, म्हणून मोजक्या जाती, त्यातही र्कात्सितेली, दूरवर लावल्या गेल्या आणि बाकीच्या परसात उरल्या. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या मद्यविरोधी मोहिमेत बागाच उपटल्या गेल्या. क्वेव्री टिकली ती घरगुती वापरामुळे. गावातला माणूस कारखान्याला द्राक्षे घालायचा आणि स्वतःसाठी परसातल्या रांजणात वाइन करायचा. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली आणि २०१३ मध्ये ती उठवली. मधल्या काळात जॉर्जियाला दुसरी गिऱ्हाइके शोधावी लागली आणि त्यांना नेमकी परसातलीच वाइन हवी होती. त्याआधीच, ईशान्य इटलीतल्या ओस्लाव्हिया गावच्या योश्को ग्राव्हनर यांनी २००० मध्ये जॉर्जियाला भेट देऊन क्वेव्री आपल्याकडे नेल्या आणि २००१ पासून त्यांत आपल्या भागातले रिबोल्ला जियाल्ला हे द्राक्ष घालायला सुरुवात केली. त्यांनी भांडे परके घेतले, द्राक्ष मात्र घरचेच ठेवले.

मातीच्या भांड्यातली वाइन ही एकट्या जॉर्जियाची मिरास नाही. आर्मेनियात करास, स्पेनमध्ये तिनाहा, पोर्तुगालच्या अलेंतेजू प्रांतात ताल्या. ताल्या जमिनीत पुरत नाहीत, वर उभी ठेवतात आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाला, उघडतात.

‘नैसर्गिक’ या शब्दाला बहुतेक देशांत कायद्याची व्याख्या नाही. फ्रान्समध्ये २०२० पासून एक मान्यताप्राप्त शिक्का आहे: सेंद्रिय द्राक्षे, हाताने काढणी, जागेवरचे यीस्ट आणि सल्फाइट (वाइन टिकवण्यासाठीचे रसायन) लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत. युरोपात साध्या कोरड्या पांढऱ्या वाइनला २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. प्रत्येक क्वेव्री वाइन नैसर्गिक असतेच असे नाही. मोठे कारखानेही आता क्वेव्री बाळगतात, लेबलावर तिचे चित्र छापतात आणि आत विकतचे यीस्ट घालतात.

मुंबई आणि परिसर

मातीच्या भांड्यातली वाइन मुंबईच्या किनाऱ्याला नवी नाही. घारापुरीला भूमध्य समुद्राकडील वाइनच्या कुंभांचे तुकडे सापडले आहेत, तसेच आखाताकडून आलेल्या, आतून डांबर लावलेल्या लांबट रांजणांचेही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा आणि कल्याण यांचा उल्लेख आहे, आणि भडोचला येणाऱ्या मालात वाइन आहे. तीही इटलीची पसंत, असे तो नोंदवतो. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त द्राक्षाच्या रसाच्या मद्याला मधु म्हटले आहे आणि कापिशायन व हारहूरक ही त्याची नावे प्रदेशांवरून आली आहेत. कापिशी आजच्या अफगाणिस्तानात. म्हणजे तेव्हाही चांगले द्राक्ष बाहेरचेच.

घरच्या परंपरेत क्वेव्रीच्या सर्वांत जवळ जाते ते मद्य नव्हे, औषध. द्राक्षारिष्ट करताना जुन्या विधीनुसार मातीच्या भांड्याला आतून तूप चोळत, त्यात मनुकांचा काढा, गूळ आणि धायटीची फुले घालत, तोंड लिंपत आणि भांडे धान्याच्या राशीत किंवा जमिनीत ठेवत. यीस्ट येते ते धायटीच्या फुलांवरून. मेणाच्या जागी तूप, मारानीच्या जागी धान्याची रास, तत्त्व तेच. वसई, गोराई, वांद्रे इथली ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजाची) घरे नाताळसाठी काळ्या द्राक्षांची वाइन घालतात, तीही चिनी मातीच्या बरणीत. मात्र तिच्यात साखर पडते, बरेचदा गहू आणि यीस्टही, आणि बरणीची झिलई हवेला आत येऊ देत नाही. बरणी आणि क्वेव्री एकाच जातीची भांडी नव्हेत.

धारावीचा कुंभारवाडा सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा. तिथला माठ मुद्दाम पाझरेल असा असतो. पाणी भिंतीतून झिरपते, बाहेर सुकते आणि आतले गार होते. क्वेव्रीला पाझर नको असतो, म्हणून तर मेण. बरे, क्वेव्रीसारखे भांडे कुणी घडवून दिले तरी ते मुंबईत पुरून उपयोग नाही. काही मीटर खाली जमिनीचे तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतके असते, आणि मुंबईची सरासरी सुमारे २७ अंश आहे. शिवाय पावसाळ्यात भूजल वर आले की रिकामा रांजण होडीसारखा उचलला जाईल. आयातीचे दुखणे वेगळे. वाइनवरील मूळ सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिले, आणि कमी सल्फाइटची बाटली बंदरातल्या उन्हात तापली की बिघडते, त्यामुळे शहरात मिळते ती मोजकी आणि महाग.

हे सगळे पैसे आणि शीतयंत्रे लावून सोडवता येईल. द्राक्षाचे तसे नाही. नाशिकच्या वाइनमधली शेनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ ही द्राक्षे फ्रान्सकडची. बंगळूर ब्लू ही जात अमेरिकी वंशाची इझाबेला मानली जाते, आणि गंमत म्हणजे तीच इझाबेला पश्चिम जॉर्जियाच्या खेड्यांत अदेसा नावाने नांदते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी स्वतः निवडून काढलेल्या जाती आहेत: तासगाव भागातली तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांची सोनाका. दोन्ही थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीमधून आलेल्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून एका वेलीकडून उष्ण प्रदेशात पीक काढण्याची विद्याही इथलीच. पण ही निवड झाली खाण्याच्या द्राक्षासाठी: साल पातळ, मणी लांब, आणि बी अजिबात नको. क्वेव्रीच्या निमुळत्या बुडात जे आधी जाऊन बसायला हवे, तेच त्यांच्यात नाही.