आईच्या पावलांनी मोजलेला रस्ता

आमच्या घरापासून मंडई जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, तरी आई हल्ली रिक्षाने जाते. गुडघे दुखत असतील, असं मी धरून चालले होते. एका सकाळी मोजपट्टी घेऊन तिच्याबरोबर चालत निघाले. एका ठिकाणी फूटपाथची कड २८ सेंटिमीटर उंच भरली. रस्ते कसे असावेत याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या सूचनांनुसार ती १५ सेंटिमीटरच्या वर नसावी आणि चालायला निदान १.८ मीटर रुंद मोकळी वाट हवी. पुढे विजेच्या पेटीपाशी तर आडवं होऊनच जावं लागलं. आईचं लक्ष मात्र एका दुकानाच्या पायरीकडे होतं. "इथे पूर्वी टेकता यायचं. आता टोकदार सळया लावल्यात. दम कुठे खायचा?"

माझ्या मोजपट्टीला ती पायरी कधीच दिसली नसती.

अशा माहितीला विज्ञानात रीतसर जागा देणारी एक पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अ‍ॅबी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. तिचं नाव 'अवर व्हॉइस'. सुरुवातीच्या काळात कॅलिफोर्नियाच्या सॅन मटेओ काउंटीतले कमी उत्पन्न गटातले ज्येष्ठ नागरिक टॅबलेट घेऊन आपल्याच वस्तीत फिरले. चालणं सोपं करणारं किंवा अडवणारं जे दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि तो का काढला, ते दोन वाक्यांत बोलून ठेवायचं. चाललेली वाट जीपीएस टिपत राहतं. नंतर सगळे एकत्र बसून फोटो मांडतात, आधी काय सुटण्यासारखं आहे ते ठरवतात आणि तेच घेऊन अधिकाऱ्यांपुढे जातात. मला या पद्धतीतली ही बैठकच सर्वांत मोलाची वाटते. एकट्याची कुरकुर तिथे पुराव्यासकट गल्लीची मागणी होते.

रस्ता ओलांडण्याचंच बघा. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत पार व्हायला हवा. पण इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत पासष्टीपुढच्या स्त्रियांचा सरासरी वेग ०.८ मीटर निघाला. म्हणजे त्यांना १५ सेकंद लागणार. उरलेले ५ सेकंद त्या गाड्यांच्या पुढ्यात! असा अनुभव दोनदा आला की माणूस घराबाहेर पडणंच कमी करतो. मग आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याने पाळायचा कसा?

या पद्धतीलाही मर्यादा आहे. पाहणीला येतात ते चालू शकणारे आणि ज्यांना सवड आहे ते. ज्यांनी बाहेर पडणंच सोडलं, त्यांचा फोटो कुणीच काढत नाही. म्हणून त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागतं आणि मोजपट्टीही सोबत ठेवावीच लागते. शिवाय सकाळी बरी वाटणारी वाट दिवेलागणीनंतर वेगळीच असते.

आमच्या गल्लीतल्या सहाजणी येत्या शनिवारी साडेसातला निघणार आहोत. वळणावरचा दिवा पिंपळाच्या फांद्यांत दडलाय, त्याचा फोटो अंधारातच काढायचाय. आईने तिच्यासाठी घडीचं स्टूल घ्यायला सांगितलंय.