अंधांच्या संस्थेत मत कुणाला, हा वाद आला कुठून

अंधांच्या संस्थेची कमिटी बदलली की आपल्याकडे सोलापुरात पहिला प्रश्न येतो, नवीन अध्यक्ष कुणाचा माणूस? पण ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यातल्या किती जणांना या निवडीत मत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. हा वाद आजचा नाही आणि आपल्या गावापुरताही नाही, दीडशे वर्षं जगभर चाललाय, म्हणून जरा मागचं सांगतो.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ ला अमृतसरला निघाली, अ‍ॅनी शार्प नावाच्या मिशनरी बाईंनी काढली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. त्या काळात सगळं देणगीवर चालायचं, मग शेठ, डॉक्टर, वकील, मिशनरी पुढं यायचे आणि कमिटीतही तेच बसायचे. सोलापूर तर गिरण्यांचं आणि पेठांचं गाव, इथं धर्मशाळा असो नाहीतर दवाखाना, पैसा ज्याचा त्याचं नाव पाटीवर आणि शब्दही त्याचाच, अंधांच्या कामाला हीच सवय लागली. त्या लोकांनी वाईट केलं असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यांच्यामुळेच पोरं शिकली, ब्रेल हाताला आलं. १९५२ ला मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड उभी राहिली, आपण जिला नॅब म्हणतो ती, तिच्या कामामुळे शिक्षण आणि रोजगार लांबच्या जिल्ह्यांपर्यंत पोचला. पण निर्णय कुणी घ्यायचा हा प्रश्न तसाच राहिला.

इंग्लंडमध्ये मात्र सुरुवात उलटी झाली होती. १८६८ ला लंडनमध्ये डॉ. थॉमस आर्मिटेज यांनी जी संस्था काढली, आजची आरएनआयबी (रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ब्लाइंड पीपल), त्यात कारभार बघणारी माणसं अंधच हवीत असा त्यांचा आग्रह होता. ते स्वतः डॉक्टर, नजर गेल्यामुळे प्रॅक्टिस सोडावी लागलेले. उठावाच्या अक्षरांची कुठली पद्धत चालवायची हे बोटांनी वाचणारेच ठरवतील असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पुढं संस्था वाढली, पैसा वाढला, तसे डोळस लोक वरचढ झाले, मग अंध सभासदांना परत जागा मिळवायला कित्येक वर्षं भांडावं लागलं.

अमेरिकेत १९४० ला जेकोबस टेनब्रोक या अंध प्राध्यापकांनी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड उभी केली, अध्यक्ष अंध, कारभारी अंध, सगळं आपलं आपण. आता सगळं सुरळीत व्हायला पाहिजे होतं ना? पण १९५७ च्या सुमाराला आतच भांडण पेटलं. अध्यक्षाच्या हातात किती सत्ता असावी, त्याला जाब कुणी विचारायचा, राज्यांच्या शाखांना किती मोकळीक, यावर चार वर्षं नुसती ओढाताण, शेवटी १९६१ ला एक गट बाहेर पडला आणि त्यांनी अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड काढली. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अध्यक्ष अंध असणं गरजेचंच आहे, पण तेवढ्यानं भागत नाही, घटनेत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, जाब विचारायची सोय नसेल तर माणूस कुणीही असो, संस्था एका घराची होऊन बसते.

जागतिक पातळीवरही अशाच दोन संघटना होत्या, एकीत सेवा देणाऱ्या संस्थांचं वजन, दुसरी १९६४ ची, अंधांनी स्वतः चालवलेली. १९८४ ला रियाधमध्ये दोन्ही एक होऊन वर्ल्ड ब्लाइंड युनियन झाली. आपल्याकडे १९७० ला शिकलेल्या अंध तरुणांनी संघटना बांधली, तीच पुढं आपल्या देशातली नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड. नोकरीतल्या आरक्षणाचा हिशोब कसा करायचा यावर सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०१३ चा निकाल आला तो याच फेडरेशननं लढलेल्या केसमध्ये. अंध माणसं निर्णयाच्या जागी असली की संस्था काय करू शकते ते यातनं दिसतं.

आता आपल्या महाराष्ट्राचं. आपल्याकडच्या बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात, १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. कमिटी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली, तो मंजूर झाला की नवीन नावं शेड्यूल वनला, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या नोंदवहीत, चढतात. कुणी हरकत घेतली की चौकशी, तारखा, पुरावे, त्यात वर्षं जातात. तोवर उताऱ्यावर जुनीच नावं, बँकवाले सह्या बदलायला तयार होत नाहीत, अनुदानाची फाईल अडकते आणि इकडे वसतिगृहात पोरांच्या जेवणाचं सामान उधारीवर येतं. ट्रस्टींची भांडणं खरी भोगतात ती ही पोरं, याचा मला फार राग येतो. विश्वस्तानं गैरकारभार केला तर कलम ४१ ड खाली त्याला काढता येतं, पण कमिटीत अंध माणसं किती हे हा कायदा विचारत नाही. ते संस्थेच्या घटनेत असेल तरच, आणि घटना बऱ्याच ठिकाणी जुनी, टाईप केलेली, कपाटात.

खरी गोम सभासद यादीत असते. मत सभासदालाच, आणि सभासद करून घ्यायचं की नाही ते कमिटी ठरवणार, मग लाभार्थी म्हणून वीस वर्षं येणारा अंध माणूस सभासद नसतोच. जो असतो त्याला नोटीस मिळते ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून, ताळेबंद येतो स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावलं तर फोन नुसतं "इमेज" म्हणतो. सभेत कुणीतरी भरभर आकडे वाचतं, "मंजूर, मंजूर" होतं आणि पुढचा विषय. किरकोळ खर्च म्हणजे काय असं मध्येच कुणी विचारलं तर उत्तर येतं, नंतर ऑफिसला या की ओ.

मोठ्या संस्थांनाही हे चुकलेलं नाही. आरएनआयबीनं २००२ नंतर सभासदत्व खुलं केलं, २०१८ ला अध्यक्षही दृष्टिहीन होत्या, तरी कॉव्हेंट्रीजवळच्या त्यांच्या मुलांच्या केंद्रात गंभीर हेळसांड निघाली, चीफ एक्झिक्युटिव्हना पद सोडावं लागलं, तिथल्या चॅरिटी कमिशननं चौकशी लावली आणि २०२० च्या अहवालात कारभारावर कडक ठपका ठेवला. केंद्रात काय चाललंय ते वर बोर्डापर्यंत नीट पोचतच नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००६ चा, भारतानं तो २००७ ला मान्य केला, त्यात स्पष्ट लिहिलंय की अपंगांविषयीचे निर्णय त्यांना सोबत घेऊनच व्हावेत. ही जबाबदारी सरकारवर टाकलीय, पण सरकारकडं ज्या संस्था हेच मागतात त्यांनी आधी घरात करायला काय हरकत आहे? लोकसभेच्या मतदानयंत्रावर ब्रेलमध्ये आकडे असतात, सोबतीला माणूस नेता येतो आणि गुप्तता पाळीन असं त्या माणसाकडून लिहून घेतलं जातं. अंधांच्या संस्थेच्या निवडणुकीत निदान एवढं तरी हवं. म्हणजे सभेआधी सभासद यादी आणि हिशोब युनिकोड मजकुरात, म्हणजे फोनला वाचून दाखवता येईल असा, मतपत्रिका ब्रेलमध्ये, आणि घटनेत दुरुस्ती करून कमिटीत निम्म्याहून जास्त जागा अंध सभासदांना, शिवाय कुठल्याही पदाला मुदत.